क्रौंचाची लाथ कोणाची?

‘द कराटे किड’मधली शेवटची लाथ सगळ्यांना आठवते, पण तिची रचना फारसं कोणी बघत नाही. नायक डॅनियल एका पायावर उभा असतो. दोन्ही हात पंखांसारखे वर, मनगटं लोंबती, दुखावलेला पाय हवेत. प्रतिस्पर्धी जॉनी पुढे येतो आणि डॅनियल ज्या पायावर उभा आहे त्याच पायाने उडी घेऊन त्याच पायाने त्याच्या तोंडावर लाथ हाणतो. वर धरलेला पाय म्हणजे नुसती हूल.

बाकीची कुळकथा झटपट उरकतो. चित्रपट १९८४चा, दिग्दर्शक जॉन अ‍ॅव्हिल्डसन, म्हणजे ‘रॉकी’वाला. पटकथा रॉबर्ट मार्क केमेनची. १९६४ साली न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात टोळक्याचा मार खाल्ल्यावर हा पोरगा कराटेकडे वळला आणि पुढे ओकिनावाच्या गोजू-र्‍यू घराण्यात रमला. त्या घराण्याचे संस्थापक चोजुन मियागी (१८८८–१९५३); पडद्यावर डॅनियलला शिकवणाऱ्या म्हाताऱ्याचं (पॅट मोरिटा) आडनाव त्यांचंच. सिनेमाचं नाव डीसी कॉमिक्समधल्या एका पात्राचं, रीतसर परवानगी काढून घेतलेलं. चॉपस्टिकने माशी पकडण्याचा प्रसंग जपानी तलवारबाज मुसाशीच्या दंतकथेतला. १९५६च्या एका जपानी चित्रपटात तोशिरो मिफुनेने तो आधीच करून दाखवला होता. आणि म्हाताऱ्याने डॅनियलला आधी गाडीला मेण चोळायला लावण्याचं म्हणाल, तर तालमीत नव्या पोराला आधी हौद्यातली माती उकरायला लावतात, त्यातलाच तो प्रकार.

आता लाथ. कागदोपत्री मामला साफ आहे. मारामाऱ्या बसवल्या पॅट जॉन्सन यांनी (अंतिम सामन्यातले पंचही तेच), आणि या लाथेचं श्रेय जातं डॅरिल विडाल या कराटेपटूला. उपांत्य सामन्यात जॉनीकडून हरणारा तो हाच. समुद्रकिनाऱ्यावर खुंटावर उभं राहून लाथ मारणारी दूरची आकृतीही पॅट मोरिटाची नाही, विडालची. म्हणजे लाथ सिनेमासाठी घडवलेली. पण घडवायला माती कुठून तरी आणावी लागतेच ना?

चिनी पक्षाचं म्हणणं असं, की ही फूजियानच्या श्वेत क्रौंच शैलीची देणगी. फांग चिनियांग नावाच्या मुलीने एका क्रौंचाला काठीने हुसकावलं, तो काठी चुकवत उलट चोच मारत राहिला, आणि त्यातून तिने युद्धकला रचली, अशी कथा. धागा खोटा नाही. क्रौंच शैलीचा मजकूर असलेली ‘बुबिशी’ ही हस्तलिखित पोथी ओकिनावाच्या गुरूंकडे होती आणि खुद्द मियागींनी ‘गोजू’ हे नाव त्याच पोथीतून उचललं. तरीही मला हे पटत नाही. श्वेत क्रौंच हातांची कला आहे: पंख झाडल्यासारखे हात, चोचीसारखी बोटं. लाथा असतात त्या बुटक्या, कमरेखालच्या. असा क्रौंच उडून कोणाच्या हनुवटीवर पाय ठेवणार नाही.

गोजू-र्‍यूवाले ‘साइफा’ या काताकडे, म्हणजे ठरावीक हालचालींच्या मालिकेकडे, बोट दाखवतात. त्यात खरोखर एका पायावर उभं राहून, एक हात वर आणि एक खाली ठेवून समोर लाथ मारतात. आडनाव मियागी असल्यामुळे हा दावा गोड वाटतो. पण साइफात लाथ मारतो तो उचललेला पाय, आणि उडीचा पत्ता नाही.

माझा उमेदवार ‘चिंतो’. हा काता जुना, आणि शोतोकान शैलीचे संस्थापक गिचिन फुनाकोशींनी त्याचं नाव बदलून ‘गांकाकू’ ठेवलं: खडकावरचा क्रौंच. त्यात एका पायावर तोल धरण्याची मुद्रा पुन्हा पुन्हा येते. आणि त्याच कातात ‘निदान-गेरी’ही आहे: एका पायाने लाथ, आणि तो खाली येण्याआधीच हवेतून दुसऱ्याने. या निदान-गेरीचा पहिला अर्धा भाग गोठवून ठेवा, गुडघा वर धरून उभे राहा, मग उरलेला अर्धा मारा. झाली डॅनियलची लाथ! उडी आणि क्रौंच एकाच घरात सापडतात ते इथेच. शिवाय पॅट जॉन्सन मूळचे तांग सू दो या कोरियन शैलीचे, आणि त्या शैलीत हाच काता ‘जिंदो’ नावाने शिकवतात. विडालच्या अंगात तो तिथून आला की आणखी कुठून, त्याने माझ्या मते फरक पडत नाही. त्या काळच्या अमेरिकन कराटेत तो हवेसारखा पसरला होता.

राहता राहिले पंखांसारखे हात. ते कॅमेऱ्यासाठी आहेत, यात मला शंका नाही. दोन्ही हात वर नेले की बरगड्या उघड्या पडतात; कुठलाही शहाणा गुरू असं उभं राहू देणार नाही. गांकाकूतला क्रौंच एक हात खाली ठेवून असतो, तो उगाच नव्हे.

विरोधक विचारतात, ही लाथ खऱ्या लढतीत लागते का? ३० एप्रिल २०११ रोजी टोरंटोत यूएफसीच्या लढतीत लिओटो माचिदाने रँडी कूट्यूरला ती बसवली. डावा गुडघा वर, उजव्याने उडती लाथ, सरळ तोंडावर. कूट्यूर आडवा झाला आणि त्या लढतीनंतर निवृत्तच झाला. लाथ शिकवल्याचं श्रेय अभिनेता स्टीव्हन सीगलने स्वतःकडे ओढलं. पण माचिदा लहानपणापासून वडिलांकडे शोतोकान शिकलेला, म्हणजे फुनाकोशींच्या घराण्यातला. गांकाकू त्याच घराण्याचा काता. आणि लाथ मारताना माचिदाचे हात पंखांसारखे वर नव्हते.