उपवास आणि उपासमार

टेंभी नाक्याच्या परिसरात नवरात्राचे उपवास होतात, तसाच आपला प्रायश्चित्तकाळही पाळला जातो. उपवासाला सांगतेचा दिवस असतो. उपासमारीला तो नसतो. सिएनाची संत कॅथरीन जवळजवळ अन्नावाचून १३८० साली, वयाच्या ३३व्या वर्षी निवर्तली. धर्मगुरूंनी तिला जेवण्याची आज्ञा केली होती. परंतु पुढे गौरव झाला तो अन्नत्यागाचा, आणि रिएतीच्या कोलंबाने तोच कित्ता गिरवला. १८७३ साली लंडनच्या डॉ. विल्यम गल यांनी अशा अन्नत्यागाच्या विकाराला ‘अनोरेक्सिया नर्वोसा’ हे नाव दिले. आज तोच गौरव, कृश देहाचे कौतुक होऊन, मोबाईलच्या पडद्यावरून आपल्या मुलामुलींपर्यंत पोहोचतो. हा विकार प्राणही घेतो. ताट दूर सारणाऱ्या लेकीवर न रागावता तिला वेळीच डॉक्टरांकडे नेऊ या.