नोटेवरचा क्रमांक

हाती नोट आली की आपली दृष्टी तिच्या किमतीवर जाते. क्रमांकाकडे सहसा कोणी पाहत नाही. परंतु केवळ क्रमांक पाहून नोटा जपून ठेवणारे रसिकही आहेत. त्यांच्या छंदाचे मर्म कळावयाचे, तर हा क्रमांक कोणते काम करीत आला, ते आधी पाहिले पाहिजे.

१८६१ च्या कायद्याने कागदी चलन काढण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती घेतला. त्या काळी मोठी नोट टपालाने पाठवावयाची, तर लोक ती मधोमध कापीत. एक अर्धी आधी रवाना होई. ती पोचल्याचे कळले की मग दुसरी. दोन्ही तुकडे एकाच नोटेचे, ही साक्ष क्रमांक देई. सारांश, क्रमांक हा विश्वासाचा राखणदार होता.

पूर्वी नोटा इंग्लंडातून छापून येत. १९२८ पासून ते काम नाशिकरोडला सुरू झाले. १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक स्थापन झाली आणि १९३८ मध्ये तिची पहिली नोट, पाच रुपयांची, निघाली. कोऱ्या नोटांच्या शंभराच्या पुडक्यात क्रमांक ओळीने येत; २००६ पासून काही नोटांत, छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी तारांकित नोट घालण्याची पद्धत आली.

आता गणित पाहू. सहा आकडी क्रमांक उलटसुलट वाचला तरी तोच राहावा, अशी नोट हजारांत एक, म्हणजे ओळीच्या दहा पुडक्यांत एक सापडते. सहाही आकडे सारखे असलेल्या नोटा दहा लाखांत अवघ्या नऊ. कोणी ७८६ हा आकडा शुभ म्हणून ठेवतो. बाजारात अशा नोटांना दर्शनी किमतीहून अधिक मोल मिळते. वस्तुतः एका मालिकेत प्रत्येक क्रमांक एकदाच येतो. तेव्हा सहा एकांची नोटदेखील ४८३९०७ क्रमांकाच्या नोटेहून दुर्मिळ नाही. फरक आहे तो पाहणाराच्या दृष्टीत.

ही दृष्टी कशी असते, याचे उदाहरण नाशिकरोडच्या शेजारीच, देवळालीस होते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर तेथे १९३० ते १९६२ पर्यंत शाळामास्तर होते. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन भाग करून बेरीज घ्या, पुन्हा ४५! अशा संख्यांना आज जग कापरेकर संख्या म्हणते. १४२८५७ ही त्यांतलीच एक. तिचा वर्ग २०४०८१२२४४९; त्यातील २०४०८ आणि १२२४४९ यांची बेरीज १४२८५७. शिवाय तिची दुप्पट केली तर २८५७१४, म्हणजे तेच आकडे, तोच फेरा!

या क्रमांकाची नोट बाजारात कोणी वेगळी काढील, असे वाटत नाही. कापरेकरांचेही तसेच झाले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकन मासिकात लिहिले, तेव्हा त्यांचे नाव दूरवर पोचले. १९८६ मध्ये ते वारले. आपल्या शेजारचे मोल परक्याने सांगावे लागले. म्हणून विनंती एवढीच, की आज घरी गेल्यावर नोट खर्चण्यापूर्वी तिचा क्रमांक एकदा वाचून पाहा.