ध्वनिचिन्हे आणि लेखनाची मर्यादा

व्यापारचिन्ह म्हणजे डोळ्यांना दिसणारी खूण, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. अमेरिकेत १९४६ च्या लॅनहॅम कायद्याने सेवांच्या चिन्हांनाही नोंदणीचा मार्ग मोकळा केला, आणि १९५० साली एन. बी. सी. या नभोवाणी कंपनीच्या तीन सुरांच्या घंटानादाची नोंद झाली. नोंदीत ते सूर शब्दांनीच सांगितले आहेत : मध्य ‘सी’च्या खालचा ‘जी’, वरचा ‘ई’ आणि स्वतः मध्य ‘सी’. सुरांना नावे होती म्हणून हे साधले.

ज्या ध्वनीला असे नाव नाही त्याचा प्रश्न युरोपात उपस्थित झाला. नेदरलंड्समधील शील्ड मार्क या कंपनीने बेथोव्हनच्या ‘फ्यूर एलीझे’चे पहिले नऊ स्वर आणि कोंबड्याचे आरवणे ही चिन्हे बेनेलक्स कार्यालयात नोंदविली होती, आरवण्याची एक नोंद ‘कुकेलेकू’ या डच शब्दाने केलेली होती. युरोपीय न्यायालयाने २७ नोव्हेंबर २००३ रोजी ती लेखनपद्धती अमान्य केली. संरक्षण उच्चारलेल्या शब्दाला की प्रत्यक्ष आरवण्याला, हे त्यावरून ठरत नाही, आणि असा शब्द देशोदेशी निराळा भासतो, असे न्यायालयाचे म्हणणे. हे यथार्थच होय. फ्रेंच कोंबडा ‘कोकोरिको’ करतो, जर्मन ‘किकेरिकी’, आणि मराठी ‘कुकूच कू’. कोंबडा मात्र सर्वत्र तोच. अनुकरणवाचक शब्दही अंशतः संकेतसिद्धच असतात, हे सोस्यूरचे प्रतिपादन येथे न्यायासनावरून पुन्हा ऐकू आले, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु पाश्चात्त्य स्वरलिपीवर न्यायालयाने टाकलेला विश्वास तितकासा समर्थनीय नाही. पाच रेषा सुराची उंची व कालमान दाखवितात. ध्वनीचा पोत, ज्यावरून कानाला ओळख पटते, तो त्यांत येत नाही. शिवाय सुरावटींची सोय झाली. निव्वळ आवाज बाहेरच राहिले. आलेखनाची ही अट युरोपीय संघाने आपल्या संघचिन्हांपुरती १ ऑक्टोबर २०१७ पासून काढून टाकली.

भारतात ती १९९९ च्या अधिनियमात आहे. २०१७ च्या नियमांनी तीस सेकंदांहून अधिक नसलेले एमपी३ ध्वनिमुद्रण मागितले, पण स्वरलेखनही सोडले नाही. येथे २००८ साली नोंदले गेलेले पहिले ध्वनिचिन्ह म्हणजे याहू कंपनीचे योडेल. योडेलचे सारे वैशिष्ट्य छातीच्या आवाजातून एकदम कृत्रिम उंच आवाजात जाताना होणाऱ्या कंठाच्या झटक्यात असते, आणि स्वरलिपीच्या रेषांवर तो झटका केवळ दोन सुरांमधील अंतर म्हणून उमटतो.