पडद्यावरची शिकवणी : एका चौकटीचा आणि तिच्या चित्रफितींचा इतिहास

संगणकाचा इतिहास लिहिणारे यंत्रांविषयी लिहितात, कंपन्यांविषयी लिहितात, क्वचित भाषांविषयीही लिहितात. पण प्रोग्रॅमर आपले काम कोणाकडून आणि कसे शिकला, याची नोंद फारशी कोणी ठेवत नाही. सुतार, विणकर, गवई यांच्या शिक्षणपरंपरेवर ग्रंथ आहेत. या नव्या कारागिराच्या वाट्याला ते भाग्य अजून आलेले नाही. मी विद्यापीठात नाही आणि संगणकशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावी एका खाजगी वर्गात मी प्रोग्रॅमिंग शिकलो. तिथे शिक्षक आज्ञावली फळ्यावर लिहीत, आम्ही वहीत उतरवून घेत असू आणि आठवड्यातून एकदा यंत्राला हात लागे. पुढे जे आले ते पुस्तकांतून आणि नंतर चित्रफितींतून. त्यामुळे शिकवण्याच्या साधनांचा इतिहास मला साधनांच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा वाटत आला आहे. या लेखात मी त्यातला एक छोटा तुकडा घेतला आहे : ‘रुबी ऑन रेल्स’ ही वेब फ्रेमवर्क आणि ती शिकवणाऱ्या चित्रफिती.

फ्रेमवर्क म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. दिवाळी अंकाची पाने लावणारा माणूस समास, स्तंभ, शीर्षकाची जागा, पानक्रमांक या गोष्टी दर पानाला नव्याने ठरवत नाही. त्याच्याकडे साचा तयार असतो, मजकूर तेवढा त्यात बसवायचा. संकेतस्थळ बांधतानाही तीच कामे पुन्हा पुन्हा करावी लागतात : माहिती साठवणे, ती शोधणे, पानावर मांडणे, अर्ज भरून घेणे, त्यातल्या चुका पकडणे. या कामांची तयार चौकट म्हणजे फ्रेमवर्क. पण चौकट आयती मिळाली तरी तिच्या सवयी अंगवळणी पाडाव्या लागतात. कोणती फाईल कुठे ठेवायची, कोणते नाव एकवचनी आणि कोणते अनेकवचनी, काय स्वतः लिहायचे आणि काय चौकटीवर सोपवायचे, हे जाणणाऱ्या माणसाशेजारी बसले की ते लवकर कळते. नुसत्या पुस्तकातून ते उशिरा कळते.

नावाआधीची गोष्ट

पडदा दाखवत बोलणे ही कल्पना जुनी आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे नव्वद मिनिटे आपली संगणकप्रणाली सभागृहाला चालवून दाखवली. त्यांच्या पडद्यावर जे घडत होते ते मोठ्या पडद्यावर दिसत होते आणि त्यांचा आवाज सोबत चालू होता. माउस जाहीरपणे लोकांसमोर आला तो याच प्रसंगी. नव्वदच्या दशकात लोटस कंपनीच्या स्क्रीनकॅमसारखी साधने आली आणि पडद्यावरची हालचाल मुद्रित करणे एकट्या माणसालाही शक्य झाले. तरी या प्रकाराला सर्वमान्य नाव नव्हते. ते मिळाले २००४ च्या अखेरीस. ‘इन्फोवर्ल्ड’चे स्तंभलेखक जॉन उडेल यांनी वाचकांकडून नावे मागवली आणि आलेल्या सूचनांतून ‘स्क्रीनकास्ट’ हा शब्द निवडला. जानेवारी २००५ मध्ये त्यांनी स्वतःच एक नमुना सादर केला. विकिपीडियावरचा एक लेख वेगवेगळ्या हातांनी कसकसा बदलत गेला, हे त्यांनी पडद्यावर उलगडून दाखवले. लेखनाचा इतिहास डोळ्यांसमोर घडताना दाखवणारी ती चित्रफीत आजही पाहण्यासारखी आहे.

पंधरा मिनिटे

रुबी ही भाषा जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ साली जगासमोर ठेवली. तिच्यावर आधारलेली रेल्स ही चौकट डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन या डॅनिश तरुणाने ‘थर्टीसेव्हन सिग्नल्स’ या कंपनीच्या बेसकॅम्प या उत्पादनातून वेगळी काढली आणि जुलै २००४ मध्ये सर्वांसाठी खुली केली. त्या काळी व्यावसायिक वेबविकासावर जावाचे राज्य होते. स्ट्रट्ससारख्या चौकटींत एक साधे पान उभे करायलाही एक्सएमएलच्या लांबलचक फाईली लिहाव्या लागत. मग संकलन करायचे, सर्व्हरवर चढवायचे आणि वाट पाहायची.

२००५ साली हॅन्सन यांची पंधरा मिनिटांत ब्लॉग बांधून दाखवणारी चित्रफीत आली. चेहरा कुठे दिसत नाही. टेक्स्टमेट हे संपादन-साधन, ब्राउझर आणि बोलणारा आवाज, एवढेच. रिकाम्या फोल्डरपासून सुरुवात होते. थोड्याच वेळात नोंदी लिहिता येऊ लागतात, त्यांवर प्रतिक्रिया देता येतात, आणि शेवटी चाचण्याही लिहून होतात. एखादी गोष्ट अपेक्षेहून सहज झाली की निवेदक ‘हूप्स’ म्हणतो. तो उद्गार पुढे त्या मंडळींत थट्टेचा विषय झाला.

या चित्रफितीच्या यशाचे श्रेय सहसा हॅन्सन यांच्या वक्तृत्वाला दिले जाते. मला कारण रेल्सच्या रचनेत दिसते. रेल्समध्ये विकासाच्या वेळी संकलन नाही आणि सर्व्हर पुन्हा सुरू करणेही नाही. फाईल जतन करा, ब्राउझर ताजा करा, बदल समोर. कृती आणि परिणाम यांत दोन-चार सेकंदांचे अंतर. ज्या कामात परिणाम इतक्या लवकर दिसतो, ते काम आपोआप चित्रित करण्याजोगे होते. जावाच्या चौकटीत अशी चित्रफीत काढली असती तर तिचा मोठा भाग वाट पाहण्यातच गेला असता. कुंभाराच्या चाकावर मडके उठताना पाहणे आणि भट्टी थंड होण्याची वाट पाहणे, यांतला हा फरक आहे.

चित्रफितीचे स्वरूप दुहेरी होते. ती धडा होती आणि जाहिरातही. त्यामुळे काय दाखवले यासोबत काय वगळले, हेही पाहायला हवे. संकेतस्थळ खऱ्या सर्व्हरवर चढवणे, गर्दी सांभाळणे, घुसखोरीपासून बचाव यांतले काहीच त्यात नाही. पंधरा मिनिटांत ते मावणारही नव्हते. पण परिणाम असा झाला की प्रत्येक नव्या चौकटीला अशी चित्रफीत दाखवणे भाग पडले. त्याच वर्षी पायथनवरच्या टर्बोगिअर्सने वीस मिनिटांत विकी बांधून दाखवला. चौकटीची लायकी मिनिटांत मोजण्याची सवय तिथून लागली आणि ती अजून पुरती सुटलेली नाही.

वितरणाचीही एक गंमत आहे. यूट्यूब त्याच वर्षी सुरू झाले, आणि मार्च २००६ मध्ये तिथे दहा मिनिटांची मर्यादा आली. पंधरा मिनिटांचा हा धडा तिथे अखंड बसलाच नसता. तो क्विकटाइमची फाईल म्हणून उतरवून घ्यावा लागे. आपल्याकडे २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस अशी व्याख्या होती, आणि तेवढा वेगही सगळीकडे मिळत नव्हता. माझ्याकडे ती चित्रफीत एका मित्राने सीडीवर घालून आणली. आधी उतरवायची, मग पाहायची, मग दुसऱ्याला द्यायची, असा तो प्रवास होता.

लिहून शिकवणारे

याच सुमारास, जुलै २००५ मध्ये, जँगो ही पायथनवरची चौकट खुली झाली. तिचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीतला. तिच्या जनकांपैकी एड्रियन होलोव्हाटी स्वतः पत्रकार होते. जँगोने चित्रफितीऐवजी लिखित धड्यावर भर दिला. मतचाचणीचे छोटे संकेतस्थळ टप्प्याटप्प्याने बांधायला लावणारा हा धडा आवृत्तीगणिक सुधारत गेला आणि आजही तोच चालू आहे. वृत्तपत्रातल्या माणसांचा छापील शब्दावर विश्वास असावा यात नवल नाही. पण त्यामागे व्यवहारही आहे. लिखित धड्यातली एक ओळ जुनी झाली तर तेवढी ओळ बदलता येते. चित्रफितीतले एक वाक्य जुने झाले तर ते पुन्हा बोलावे लागते, पुन्हा मुद्रित करावे लागते आणि पुष्कळदा सगळीच चित्रफीत नव्याने करावी लागते.

रेल्सला याचा अनुभव लवकरच आला. मूळ चित्रफितीत ‘स्कॅफोल्ड’ हा एक शब्द लिहिताच नोंदी भरण्याची, बदलण्याची, पुसण्याची पाने आपोआप तयार होतात. डिसेंबर २००७ मध्ये आलेल्या रेल्स २.० मधून ही सोय त्या रूपात काढून टाकली गेली. त्यानंतर जो नवशिका जुनी चित्रफीत पाहून तसेच टंकत जाई, त्याच्यासमोर चूक येई. आपले काय चुकले, हे त्याला कळायला मार्ग नसे. पडद्यावरचा गुरू मात्र त्याच आत्मविश्वासाने पुढे जात राही.

दर सोमवारी

दोन माणसांनी चित्रफितीला जाहिरातीतून बाहेर काढून शिक्षणाचे रूप दिले. जेफ्री ग्रोसेनबाख यांनी २००६ मध्ये ‘पीपकोड’ सुरू केले. एकेका विषयावर नीट संपादित केलेली चित्रफीत, किंमत नऊ डॉलर. प्रोग्रॅमर शिकण्यासाठी चित्रफीत विकत घेतील हे त्यांनी दाखवून दिले. मार्च २००७ मध्ये रायन बेट्स यांनी ‘रेल्सकास्ट्स’ सुरू केले, आणि ते विनामूल्य होते. दर सोमवारी एक भाग, बहुधा दहाएक मिनिटांचा, एका वेळी एकच अडचण. पहिला भाग होता तीच माहिती पुन्हा पुन्हा मागवावी लागू नये म्हणून ती एका चलात जपून ठेवण्याविषयी. विषय इतका छोटा की पुस्तकात त्याला परिच्छेदही मिळाला नसता.

बेट्स यांच्या पद्धतीत शिकवण्याचे शहाणपण आहे. आवाज संथ, विनोद नाही, स्वतःविषयी शब्द नाही. आधी अडचण चालवून दाखवायची, मग ओबडधोबड उत्तर, मग ते हळूहळू घासून पुसून स्वच्छ करायचे. हॅन्सन यांच्या चित्रफितीत वेग हा मुद्दा होता, इथे क्रम हा मुद्दा आहे. चांगला प्रोग्रॅमर पहिल्याच फटक्यात सुंदर लिहीत नाही, तो लिहिलेले सुधारतो, हे पुस्तकातल्या तयार उताऱ्यातून कळत नाही. बेट्स यांच्या पडद्यावर ते दिसते. या भागांचे शब्दांत आणि चित्रांत लेखी रूपांतर एका चाहत्याने मोठ्या चिकाटीने केले. बोललेल्याला लिखिताची जोड लागतेच, याचा तो पुरावा आहे.

२०११ मध्ये महिना नऊ डॉलर वर्गणीचा विभाग निघाला. त्यात ‘सुधारित’ भाग येऊ लागले : तोच जुना विषय, नव्या आवृत्तीसाठी पुन्हा मुद्रित केलेला. इथे मला या प्रकाराची खरी किंमत दिसते. चौकट बदलत राहते आणि एकटा शिक्षक तिच्यामागे धावत राहतो. चारशेहून अधिक भागांनंतर जून २०१३ मध्ये बेट्स यांनी आपण थकल्याचे कळवून विश्रांती घेतली. रेल्स ४.० त्याच महिन्यात आली. मालिका पुन्हा सुरू झाली नाही. पुढच्याच महिन्यात पीपकोड प्लुरलसाइट या मोठ्या कंपनीने विकत घेतले. एकट्या कारागिरांचा काळ ओसरू लागल्याची ही खूण होती, तरी तो तिथेच संपला असे म्हणता येणार नाही. त्याच वर्षी पीएचपीवरच्या लाराव्हेल चौकटीसाठी जेफ्री वे यांनी ‘लाराकास्ट्स’ सुरू केले आणि तीच परंपरा वर्गणीच्या पायावर उभी केली.

पवईतला वेगळा मार्ग

या सगळ्या चित्रफिती इंग्रजीत होत्या. ज्याला इंग्रजी वाचता येते पण बोललेले, त्यातही परके उच्चार, झेपत नाहीत, त्याचे काय? आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांची हीच अवस्था होती. या प्रश्नावरचे सर्वांत विचारपूर्वक काम मुंबईत झाले. आयआयटी मुंबईचे रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्यातून ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प उभा केला. त्यात पीएचपी आणि मायएसक्यूएल, ड्रुपल अशी वेबविकासाची मुक्त साधने आहेत आणि इतरही पुष्कळ आहेत.

त्याची रीत पाहण्यासारखी आहे. धडा दहाएक मिनिटांचा. आधी संहिता लिहायची. ती विषय न जाणणाऱ्या नवशिक्याकडून तपासून घ्यायची. मग मुद्रण. मग तेच चित्र कायम ठेवून फक्त आवाज मराठीसह इतर भारतीय भाषांत. पडदा इंग्रजीच राहतो, कारण नोकरीत समोर येणार तो इंग्रजी पडदा. शिकणाऱ्याने एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला खरे साधन उघडे ठेवायचे, आणि प्रत्येक पायरी स्वतः करून पाहायची. कानाला हेडफोन असल्यामुळे एकाच प्रयोगशाळेत शेजारी बसलेली मुले वेगवेगळ्या भाषांत तोच धडा घेऊ शकतात. जिथे जाळे पोहोचत नाही तिथे धडे सीडीवर जातात.

मराठी धडे ऐकताना भाषेच्या अंगाने एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. इंग्रजी निवेदक आधी ‘क्लिक’ म्हणतो, मग कुठे ते सांगतो. मराठी वाक्यात जागा आधी येते, क्रियापद शेवटी. ऐकणाऱ्याची नजर आधी बटणाकडे जाते आणि मग हात हलतो. कृती शिकवायला आपली वाक्यरचना मुळीच गैरसोयीची नाही. आज्ञा आणि बटणांची नावे इंग्रजी राहतात, ‘का’ आणि ‘कशासाठी’ मराठीत येते, आणि ही वाटणी मला योग्य वाटते. हॅन्सन यांनी पाहणाऱ्याला थक्क केले, बेट्स यांनी त्याला सुधारणा शिकवली. मौद्गल्य यांच्या प्रकल्पाने शिक्षक शेजारी नसेल तर काय, हा प्रश्न हाती घेतला. संहिता व्यक्तीची न राहता गटाची झाली, त्यामुळे एकाच माणसाच्या थकण्यावर सगळे काम अवलंबून राहिले नाही.

उरते काय

डिसेंबर २०२१ मध्ये रेल्स ७ सोबत हॅन्सन यांनी पुन्हा ब्लॉग बांधून दाखवला. या वेळी सुमारे तीस मिनिटे लागली, आणि शेवटी ते संकेतस्थळ खऱ्या सर्व्हरवर चढवूनही दाखवले. पंधरा मिनिटांत जे वगळले होते त्याला अखेर जागा मिळाली. त्या दोन चित्रफिती शेजारी ठेवून पाहिल्या तर सोळा वर्षांत या धंद्यात काय अवघड झाले आणि काय सोपे, हे कोणत्याही पुस्तकाहून स्पष्ट दिसते.

पण असे शेजारी ठेवून पाहायला त्या हाती राहायला हव्यात. जुन्या चित्रफिती आज शिकण्यासाठी निरुपयोगी आहेत, म्हणून कोणी त्या जपत नाही. मालकी बदलते, पत्ता बंद होतो, फाईल उघडणारे साधन नाहीसे होते. आपण जुनी पंचांगे, अंकलिप्या, शालेय क्रमिक पुस्तके एकेकाळी अशीच रद्दीत घातली आणि आता अभ्यासक त्यांच्यासाठी वणवण करतात. कारागिराचा हात कसा चालत होता, तो कुठे थांबला, कुठे मागे येऊन त्याने लिहिलेले खोडले, हे या चित्रफितींत आवाजासकट नोंदलेले आहे. निदान मराठीत झालेले धडे, त्यांच्या संहितांसह आणि मुद्रणाच्या तारखांसह, आपल्या एखाद्या ग्रंथालयाने जतन करावेत. त्यांचा परवाना मुक्त आहे, तेव्हा कायद्याची अडचण नाही. ग्रंथालयाच्या दफ्तरात चित्रफितीसाठी एक रकाना आखायला हवा, सुरुवातीला तेवढे पुरे.