तारेच्या आतले

गोष्ट सांगताना आमची आजी आधी नाव सांगायची, मग घराणं, कुणाची लेक, कुठं दिली, घडलेलं त्यानंतर. गल्लीतल्या गाईसुद्धा नावानिशी यायच्या. सोलापूरच्या सेटलमेंटची माणसं आली की मात्र नावं संपायची. 'तारेच्या आतले', 'चोरट्या जातीचे', एवढंच. आजोबांच्या गिरणीत त्यांच्यातल्या बाया कामाला होत्या. पाळी सुटली की कुंपणात परत, मग हजेरी. "एकदा एक डोकं कमी भरलं," आजी सांगायची, "मग कळलं, तापानं गेलंय." बाई होती की पोर, मी विचारलं. तिला सांगता येईना. आजी दुष्ट नव्हती. दारचा माणूस तिनं उपाशी पाठवला नाही. तरी शेजारच्या तापाच्या गोष्टीत ती रडायची, या गोष्टीत पान जुळवायची.

ही भाषा तिनं घडवलेली नव्हती. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या; १९११ मध्ये तो कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटे नोंदवहीत गेले, बोटांचे ठसे घेतले गेले, कित्येक कुटुंबं सेटलमेंटच्या तारेआड ठेवली गेली. कुणाकुणाची जातच कागदावर 'घंटीचोर' किंवा 'उचले'. १८९७ च्या दुरुस्तीनं चार ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून तोडायची मुभा दिली. माणसाचं लेकरू असं उचलून नेताना कारकुनाचाही हात अडखळला असता; पण नेलं जात होतं ते चोराचं पिल्लू! लक्ष्मण गायकवाडांनी आत्मकथेला 'उचल्या' हेच नाव दिलं, ते उगाच नाही.

३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, जमाती 'विमुक्त' झाल्या. १९५९ मध्ये मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा आणला, आणि चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा पारध्यांच्या पालांकडेच वळत राहिली.

आजी गेल्यावर सेटलमेंटमध्ये वाढलेले एक आजोबा भेटले. त्यांच्या गोष्टीत सगळ्यांना नावं होती, कोण कुणाशी भांडलं, कुणाचं लग्न कुंपणातच लागलं. बिननावाचा एकच, हजेरी घेणारा साहेब. "त्याचं नाव कुणाला ठाऊक? आम्ही आपलं एक ठेवलं होतं." मी विचारल्यावर ते खो खो हसले आणि स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले, "सूनबाई आत आहे, नंतर सांगतो."