कीटकांचे जिवंत दालन : बंगळुरूच्या फुलपाखरू उद्यानाची ओळख

वाघ, सिंह आणि हत्ती पाहण्यासाठी प्राणिसंग्रहालयात जाणाऱ्यांची संख्या मोठी असते. कीटक पाहण्यासाठी मुद्दाम तिकीट काढून जाणारे मात्र थोडेच. वास्तविक विज्ञानाने आजवर नोंदविलेल्या प्राण्यांच्या जातींपैकी निम्म्याहून अधिक जाती कीटकांच्या आहेत. त्यांची संख्या सुमारे दहा लाख आहे. या लहान जीवांचे जिवंत दर्शन घडविणाऱ्या संस्था भारतात मोजक्याच आहेत आणि त्यांपैकी एक महत्त्वाची संस्था बंगळुरूजवळ बनेरघट्टा येथे आहे.

शहराच्या पूर्वेकडील के. आर. पुरम अर्थात कृष्णराजपुरम येथून हे ठिकाण सुमारे ३० ते ३५ किलोमीटर अंतरावर आहे. व्हाइटफील्डच्या माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे या भागात देशाच्या विविध प्रांतांतील कुटुंबे स्थायिक झाली असून त्यांत मराठी कुटुंबांचाही समावेश आहे. मुलांना कीटकसृष्टीची ओळख करून देऊ इच्छिणाऱ्या पालकांना आणि शिक्षकांना उपयुक्त ठरेल, अशी माहिती येथे देत आहोत.

कीटक आणि संधिपाद

बोलीभाषेत कोळी, विंचू, गोम या सर्वांना किडे म्हटले जाते. शास्त्रीय दृष्ट्या हे सर्व संधिपाद, म्हणजे सांधे असलेल्या पायांचे प्राणी होत. कीटक हा त्यांतील सर्वांत मोठा वर्ग. कीटकाच्या शरीराचे डोके, वक्ष आणि उदर असे तीन भाग असतात आणि त्याला सहा पाय असतात. कोळी आणि विंचू यांना आठ पाय असतात. गोम आणि वाणी यांच्या शरीराच्या बहुतेक प्रत्येक खंडाला पाय असतात. खेकडे आणि कोळंबीही संधिपादच आहेत.

संधिपादांच्या अंगावर कठीण कवच असते. हे कवच वाढत नसल्याने प्राण्याला ते वेळोवेळी टाकावे लागते. या क्रियेला कात टाकणे म्हणतात. जिवंत प्रदर्शनात कात टाकणारा प्राणी पाहावयास मिळणे हा दुर्मीळ योग मानला जातो, कारण त्या काळात त्याचे शरीर मऊ असते आणि तो आडोशाला राहणे पसंत करतो.

लंडनपासून बनेरघट्ट्यापर्यंत

कीटकांचे जिवंत प्रदर्शन ही कल्पना नवी नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८८१ मध्ये स्वतंत्र कीटकगृह सुरू झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काचेच्या किंवा जाळीच्या मोठ्या दालनात फुलपाखरे मोकळी सोडून त्यांच्यामधून प्रेक्षकांना चालू देण्याची पद्धत रूढ झाली. कॅनडातील माँट्रियल येथे १९९० मध्ये मोठे कीटकालय उभे राहिले.

भारतात या पद्धतीचे पहिले उद्यान म्हणून बनेरघट्टा फुलपाखरू उद्यान ओळखले जाते. तत्कालीन केंद्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान मंत्री कपिल सिबल यांच्या हस्ते २५ नोव्हेंबर २००६ रोजी त्याचे उद्घाटन झाले. कर्नाटक प्राणिसंग्रहालय प्राधिकरण, केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग, बंगळुरूचे कृषी विज्ञान विद्यापीठ आणि ‘एट्री’ ही पर्यावरण संशोधन संस्था यांच्या सहकार्यातून ते साकारले.

त्यानंतर तमिळनाडूत श्रीरंगमजवळ २०१५ मध्ये सुमारे २५ एकर क्षेत्रावर फुलपाखरू उद्यान सुरू झाले. कोइम्बतूर येथील तमिळनाडू कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये कीटक संग्रहालय उघडले. तेथे जतन केलेल्या नमुन्यांबरोबर काही जिवंत कीटकही ठेवण्यात आले.

उद्यानात काय पाहावे

बनेरघट्ट्याचे फुलपाखरू उद्यान सुमारे साडेसात एकर जागेत आहे. त्याचा मुख्य भाग म्हणजे दहा हजार चौरस फुटांचे वर्तुळाकार दालन. त्याचे छत पॉलिकार्बोनेटचे असून आत दमट, उष्ण हवामान राखले जाते. कृत्रिम धबधबा, मधुरस देणारी फुलझाडे आणि अळ्यांना लागणाऱ्या वनस्पती यांच्या मांडणीमुळे फुलपाखरांना नैसर्गिक अधिवासासारखी परिस्थिती मिळते. पुढील घुमटांमध्ये संग्रहालय आहे. तेथे फुलपाखरांचे जतन केलेले नमुने आणि त्यांच्या जीवनक्रमाची माहिती देणारे देखावे मांडलेले आहेत.

फुलपाखराच्या आयुष्यात अंडे, अळी, कोष आणि पंखधारी कीटक अशा चार अवस्था असतात. पंखधारी अवस्था बहुतेक जातींत काही आठवड्यांचीच असते. यामुळे दालनात फुलपाखरे सतत दिसावीत यासाठी पडद्यामागे अखंड संगोपन करावे लागते. अंडी गोळा करणे, अळ्यांना रोज ताजा पाला पुरवणे, कोषांना मुंग्या आणि परजीवी माश्यांपासून जपणे ही कामे वर्षभर चालतात. वाघ किंवा सिंह एकदा आणला की काही वर्षे प्रश्न नसतो. फुलपाखरांचे दालन मात्र संगोपन थांबताच महिन्याभरात रिकामे पडू शकते.

अळीच्या खाद्याची निवड हा या कामाचा गाभा आहे. प्रत्येक जातीची अळी ठरावीक वनस्पतींवरच वाढते. कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय या जातींना लिंबू आणि त्याच्या कुळातील झाडे लागतात. प्लेन टायगरची अळी रुईची पाने खाते. रेड पिएरोची अळी पानफुटीवर वाढते. कर्नाटकाचे राज्य फुलपाखरू असलेल्या सदर्न बर्डविंगला ईश्वरी कुळातील वेल हवा असतो. हे फुलपाखरू पंख पसरल्यावर १४ ते १९ सेंटिमीटर रुंद भरते. उत्तराखंडात सापडलेल्या गोल्डन बर्डविंगच्या १९.४ सेंटिमीटरच्या मादीची नोंद २०२० मध्ये प्रसिद्ध होईपर्यंत भारतातील सर्वांत मोठ्या फुलपाखराचा मान सदर्न बर्डविंगकडे होता.

पाहताना घ्यावयाची काळजी

फुलपाखरे शीतरक्ती असतात. पंखांवर ऊन घेऊन शरीर तापल्यावरच ती उडतात. त्यामुळे स्वच्छ उन्हाच्या दिवशी सकाळी दहानंतरची वेळ भेटीसाठी उत्तम. ढगाळ हवेत ती पानांखाली विसावतात आणि दालन रिकामे असल्याचा भास होतो. अशा वेळी घाई न करता पानांची खालची बाजू न्याहाळल्यास अंडी, अळ्या आणि कोष दृष्टीस पडू शकतात.

पंखांवरील रंग हे सूक्ष्म खवल्यांचे असतात. बोट लागताच ते निघून येतात आणि पुन्हा उगवत नाहीत. म्हणून फुलपाखराला हात लावू नये. ते आपणहून अंगावर बसल्यास स्थिर राहावे. बाहेर पडताना कपडे आणि पिशव्या तपासाव्यात. वाटेवर बसलेली फुलपाखरे पायाखाली येऊ नयेत यासाठी लहान मुलांचा हात धरून चालावे. ओल्या मातीवर एकत्र बसलेली फुलपाखरे क्षार शोषून घेत असतात. ती बहुतांशी नर असतात. त्यांना उडवून लावू नये.

उद्यान मंगळवारी बंद असते. के. आर. पुरम येथून मेट्रोच्या जांभळ्या मार्गाने मॅजेस्टिकपर्यंत आणि तेथून बसने बनेरघट्ट्यास जाता येते. के. आर. पुरम ते बैयप्पनहळ्ळी हा मेट्रोचा टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून हा प्रवास सुकर झाला आहे. प्रवेशशुल्क आणि वेळा बदलत असल्याने निघण्यापूर्वी त्यांची खात्री करून घ्यावी.

शेतकऱ्यांसाठी पोसलेले कीटक

बंगळुरूत जिवंत कीटकांचे आणखी एक मोठे केंद्र आहे, मात्र ते पर्यटकांसाठी नाही. हेब्बाळ येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो ही भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था होय. १९९३ मध्ये जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालय म्हणून ती स्थापन झाली. पिकांवरील किडी खाणारे किंवा त्यांच्या शरीरात वाढणारे मित्रकीटक येथे पोसले जातात.

या कामाचे मोल पपईवरील पिठ्या ढेकणाच्या प्रकरणात दिसून आले. मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील हा कीटक २००८ मध्ये कोइम्बतूर येथे प्रथम आढळला. पपई, तुती आणि साबुकंद या पिकांचे त्याने मोठे नुकसान केले. महाराष्ट्रातील पपई बागांपर्यंतही तो पोहोचला. रासायनिक फवारणीने तो आटोक्यात येईना. अखेर २०१० मध्ये प्युर्तो रिकोहून एक अतिसूक्ष्म परजीवी गांधीलमाशी आणून तिची पैदास करण्यात आली आणि ती शेतांत सोडण्यात आली. तिची मादी ढेकणाच्या शरीरात अंडी घालते आणि अळी त्याला आतून खाऊन टाकते. अल्पावधीत किडीचा जोर ओसरला आणि तुतीवर अवलंबून असलेल्या रेशीम उत्पादकांनाही दिलासा मिळाला.

परदेशी जिवंत कीटक परवान्याशिवाय भारतात आणता येत नाही. कोणताही नवा कीटक निसटून येथील पिकांवर पसरू शकतो, हे त्यामागील कारण होय. म्हणूनच पाश्चात्य देशांतील फुलपाखरू दालने उष्ण कटिबंधातून कोष मागवीत असली, तरी भारतीय उद्यानांचा भर स्थानिक जातींवर असतो.

संवर्धन की करमणूक

जिवंत प्रदर्शनाबाबत मतभेद आहेत. काही आठवड्यांचे आयुष्य लाभलेल्या जीवाला बंदिस्त का ठेवावे, हा आक्षेप गंभीर आहे. जंगलातून पकडून आणलेल्या कीटकांवर एखादे दालन चालत असेल, तर तो आक्षेप पूर्णतः योग्य ठरतो. भारतातील अनेक फुलपाखरांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. दार्जिलिंगजवळील सिंगालिला राष्ट्रीय उद्यानात विनापरवाना कीटक गोळा केल्याबद्दल २००८ मध्ये दोन चेक नागरिकांना अटक झाली होती. मोकळ्या निसर्गातील गर्दीही निरुपद्रवी नसते. अकोले तालुक्यात मे अखेरीस आणि जूनमध्ये काजवे पाहण्यासाठी लोटणाऱ्या पर्यटकांच्या वाहनांचे दिवे काजव्यांच्या मीलनात अडथळा आणतात आणि जमिनीवरील काजवे पायदळी जातात.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावर हाताच्या पंजाएवढे मोठे काडीकिडे विपुल होते. १९१८ मध्ये किनाऱ्यावर अडकलेल्या जहाजातून उंदीर बेटावर उतरले आणि काही वर्षांतच हा कीटक दिसेनासा झाला. तो नामशेष झाल्याचे मानले जात असतानाच २००१ मध्ये जवळच्या एका उभ्या सुळक्यावर तीसहून कमी काडीकिडे जिवंत आढळले. २००३ मध्ये त्यांतील दोन जोड्या आणण्यात आल्या. मेलबर्न प्राणिसंग्रहालयाने त्यांपैकी एका जोडीपासून हजारो काडीकिडे वाढविले. कीटक पोसण्याचे ज्ञान असलेली संस्था नसती, तर या जातीचे भवितव्य त्या एका सुळक्यावरील झुडपांवर अवलंबून राहिले असते.

जर्मनीतील संरक्षित क्षेत्रांत २७ वर्षांच्या काळात उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन ७५ टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. परागीभवन, मातीची सुपीकता आणि पक्ष्यांचे अन्न या सर्वांचा आधार कीटक आहेत. हे लक्षात घेता, ज्या मुलाने कोषातून बाहेर पडणारे फुलपाखरू पाहिले आहे, ते कीटकाला सहजासहजी चिरडणार नाही, हा जिवंत प्रदर्शनांचा दावा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

छताविना फुलपाखरू उद्यान

महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘नीलवंत’ अर्थात ब्लू मॉरमॉन याला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला. असा निर्णय घेणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. ठाण्यात घोडबंदर मार्गालगत असलेल्या ओवळेकर वाडी या खासगी बागेने वेगळा मार्ग दाखविला आहे. तेथे जाळी नाही आणि छतही नाही. अळ्यांच्या आवडीच्या वनस्पती लावल्या आणि फुलपाखरे आपणहून आली.

हा प्रयोग के. आर. पुरमच्या सदनिकेतही करता येतो. गच्चीवरील कुंडीत कढीलिंब, लिंबू किंवा पानफुटी लावावी आणि तिच्यावर कीटकनाशक फवारू नये. अळी दिसल्यास ती काढून टाकू नये, कारण चार पाने खाल्ली म्हणून झाड मरत नाही. परिसरातील तलावांच्या काठी चतुरही पाहावयास मिळतात. त्यांच्या पिलांचे आयुष्य पाण्यात जात असल्याने तलाव बुजला किंवा प्रदूषित झाला की त्यांच्यावर गदा येते. मोसमी पावसापूर्वी पश्चिम घाटातून पूर्वेकडील मैदानांत स्थलांतर करणारे ब्लू टायगर आणि त्याच्या जवळच्या जातींचे थवे बंगळुरूवरूनच जातात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास परततात.

उद्यानातील एका सकाळीत अळीची आणि तिच्या झाडाची ओळख होते. ती ओळख घेऊन घरी परतणाऱ्या मुलाला गच्चीवरील कुंडीत आणि तलावाच्या काठावर पाहण्यासारखे बरेच काही उरते.