आउटबोर्ड इंजिन : भाराखाली शक्ती घटणे

होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगलेले आउटबोर्ड इंजिन धक्क्यावर सहज चालू होते, न्यूट्रलमध्ये मोकळेपणाने रेस घेते, पण गिअर टाकून माणसांचा, जाळ्यांचा किंवा मासळीचा भार ओढायची वेळ आली की दम सोडते, असा हा बिघाड. ‘इंजिन लोड घेत नाही’ या चार शब्दांत मेकॅनिक तो सांगतात. पूर्ण बंद पडलेल्या इंजिनापेक्षा तो अधिक घातक मानायला हवा. बंद इंजिन घेऊन कोणी खाडीबाहेर पडत नाही. लोड न घेणारे इंजिन मात्र खाडीत शहाण्यासारखे वागते आणि मुखाशी, जिथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात तिथे, होडीला लाटेसमोर आडवी पाडते.

ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत बाजारात आणलेल्या एका सिलिंडरच्या इंजिनापासून आजच्या संगणकनियंत्रित फोर-स्ट्रोकपर्यंत रचना पार बदलली, पण पंख्याचे गणित तेच राहिले. पाण्यात पंखा फिरवायला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे निम्मे असतील तर पूर्ण शक्तीचा जेमतेम आठवा हिस्सा पुरतो. म्हणूनच एक सिलिंडर अशक्त झालेले किंवा पुरेसे पेट्रोल न मिळणारे इंजिन अर्ध्या रेसपर्यंत निरोगी वाटते. नळाचे पाणी लावून किंवा पिंपात बुडवून घेतलेल्या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही, तो याच कारणाने: तिथे पंख्यावर खरा भारच नसतो. दोष शोधायचा तर होडी पाण्यात हवी आणि नेहमीचे वजन होडीत हवे.

पहिला प्रश्न एकच विचारावा: वेग पडतो तेव्हा इंजिनाचे फेरे उतरतात की चढतात? मीटर नसला तरी कानाला हे कळते. फेरे उतरत असतील तर इंजिनाची शक्तीच कमी पडते आहे. इंधन, ठिणगी, दाब किंवा थंडावा यांपैकी काहीतरी बिघडले आहे किंवा पंख्यावर अवाजवी ओझे आहे. फेरे वाढून आवाज मोकळा होतो आणि होडी मात्र मंदावते, तेव्हा इंजिन निर्दोष असून शक्ती पंख्यापाशी वाया जाते आहे. एवढा भेद न करता कार्बोरेटर खोलायला बसणे म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही घालवणे.

इंधनपुरवठा : फेरे उतरण्याचे कारण बहुतेक वेळा इथेच सापडते. चाळीस अश्वशक्तीचे कार्बोरेटरवाले टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण रेसवर तासाला १५ लिटर किंवा त्याहून अधिक पेट्रोल पिते, तर नुसते चालू असताना त्याचा लहानसा अंशच. अरुंद झालेल्या वाटेतून तेवढे थोडे पेट्रोल निघते, भाराचे निघत नाही. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला असेल तर पेट्रोल उपसले जाते तशी आत पोकळी तयार होते आणि काही मिनिटांनी इंजिन मरगळते. झाकण सैल केल्याबरोबर ते सावरले, तर शोध संपला. पाईपवरचा रबरी फुगा फार बोलका असतो. चालत्या होडीत तो आत चेपलेला दिसला तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे: झाकण, टाकीतली जाळी किंवा आतून सुटून घडी पडलेला पाईप. फुगा चेपलेला नाही, पण हाताने दाबत राहिल्यावर इंजिन पुन्हा जोर धरते, असे असेल तर पेट्रोलपंपाचा पडदा फाटला किंवा कडक झाला असावा. जोडणीतल्या रबरी कड्यातून हवा ओढली जात असली तरीही इंजिन असेच वागते. बाहेर थेंबही गळत नाही, म्हणून ही चूक फार वेळ लपून राहते.

हे सगळे ठीक असेल तर कार्बोरेटरमधला मुख्य जेट पाहावा. मंद गतीचा मार्ग वेगळा असल्याने मुख्य जेट तुंबला तरी इंजिन धक्क्यावर छान चालते. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत इंजिने दोन महिने पडून असतात. कार्बोरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल उडून चिकट थर उरतो आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास समुद्र खुला झाला की तक्रारी सुरू होतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने हा त्रास वाढवला आहे. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, पाणी जास्त झाले की त्याच्यासह तळाशी बसते आणि जुने रबर मऊ करते. अनेक उत्पादक १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य करतात, आपल्याकडच्या पंपांवर २० टक्क्यांचे मिश्रण आहे. जुन्या इंजिनाच्या मालकाने पाईप आणि पडदे वेळेआधी बदलावेत, पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा आणि हंगाम संपताना कार्बोरेटर रिकामा करावा.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणतेल बहुधा पेट्रोलमधूनच जाते. पेट्रोल कमी पोचले की तेलही कमी पोचते आणि विरळ मिश्रणाने उष्णता वाढते. अशा वेळी रेस ओढून इंजिन दामटले, तर पाच रुपयांच्या कचऱ्यापायी पिस्टन जाम होतो.

ठिणगी आणि दाब : भाराखाली सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाटलेल्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. म्हणून बाहेर काढलेल्या प्लगवर निळी ठिणगी दिसणे हा पुरावा नव्हे. सुमारे १० मिलिमीटरची फट ठिणगीला ओलांडता येते का, हे टेस्टरवर पाहावे. चिरलेली कॉइल गार असताना चालते आणि तापली की सोडून देते. प्लग सगळे एकत्र काढून रांगेत ठेवावेत: खाकी रंग निरोगी, पांढरट विरळ मिश्रणाचा, काळा आणि ओला असेल तर तो सिलिंडर पेटतच नाही. केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरची केरोसीनवर चालणारी इंजिने पेट्रोलवर चालू करून तापल्यावर केरोसीनवर घेतात. त्यांत काजळी लवकर धरते, तेव्हा प्लगकडे वरचेवर पाहावे लागते. शेवटी दाबमापक लावावा. सिलिंडरांच्या दाबांत १५ टक्क्यांहून अधिक तफावत असेल, तर रिंगा, पिस्टन किंवा गॅस्केट गेले आहे आणि बाकी कुठलीही दुरुस्ती पुरणार नाही.

थंडावा : नव्या फोर-स्ट्रोक इंजिनांत तापमान वाढले किंवा तेलाचा दाब उतरला की संगणक स्वतःच फेरे रोखून धरतो. हा बिघाड नसून बचाव आहे. मागची पाण्याची धार बारीक झाली असेल तर प्लास्टिकची पिशवी, खाडीचा गाळ किंवा झिजलेला रबरी इंपेलर यांचा संशय घ्यावा. पाण्याबाहेर इंजिन क्षणभरही कोरडे चालवू नये. इंपेलर लगेच जळतो.

पंखा आणि होडी : फेरे चढत असतील तर पंख्याच्या गाभ्यातले रबर सुटले का, हे तपासायची पद्धत सोपी आहे. गाभ्यावर आणि पंख्याच्या अंगावर रंगाची एक सरळ रेघ ओढावी, भार देऊन फेरी मारावी आणि रेघ तुटली का पाहावे. इंजिन फळीवर फार उंच बसले असेल, तर पंखा हवा ओढतो. पंख्यावरची आडवी पट्टी साधारण होडीच्या तळाच्या रेषेत हवी.

फेरे उतरत असूनही इंजिनात दोष सापडत नाही, तेव्हा ओझ्याकडे वळावे. पंख्यात गुंतलेला जाळ्याचा धागा, तळावर चिकटलेली कालवे, फायबरच्या दुहेरी तळात शिरलेले पाणी ही नेहमीची कारणे. पंख्याच्या पिचमध्ये, म्हणजे एका फेऱ्यात तो तत्त्वतः जितका पुढे सरकतो त्या अंतरात, एक इंच वाढ केली की पूर्ण रेसवरचे फेरे मिनिटाला सुमारे १५० ते २०० ने उतरतात. मालवण-तारकर्लीसारख्या ठिकाणी मासेमारीची होडी पर्यटकांसाठी वापरली जाते, वजन वाढते आणि पंखा मात्र जुनाच राहतो; तिथे इंजिन खोलण्याआधी कमी पिचचा पंखा लावून पाहावा. पूर्ण वजनात, पूर्ण रेसवर पुस्तिकेत दिलेले फेरे मिळाले, तर पंखा योग्य आहे.